सिंहाला न भिणारा रेटल, आणि आपल्या शिवारातला ‘मसण्याऊद’

(ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेली अडखळ काढलीय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

इयरफोन कानात आहेत ना? बसमध्ये असाल, आखाड्यावर असाल, नाहीतर मोटार चालू करून दंडाला पाणी यायची वाट बघत असाल, तरी चालेल. आजचा भाग अशा एका जनावराचा आहे, जे तुम्ही मोबाईलवर कधी ना कधी पाहिलेलं असणार.

रील साधारण अशी असते. आफ्रिकेतलं पिवळं गवत, मधे एक बुटकं काळं-पांढरं जनावर आणि भोवती दोन-तीन सिंह. आता ह्याचं काही खरं नाही, असं आपल्याला वाटतं. तेवढ्यात ते बुटकं जनावर पळायचं सोडून सिंहाच्याच अंगावर जातं, दात विचकतं, गुरगुरतं, आणि सिंह चक्क दोन पावलं मागं सरकतो. खाली कमेंटचा पाऊस पडलेला असतो.

हाच तो हनी बॅजर. त्याचं दुसरं नाव रेटल. आज आपण रेटलच म्हणू, तोंडात बसायला सोपं आहे.

आज दोन प्रश्न घेऊ. पहिला, हा प्राणी खरंच कुणाला भीत नाही का, आणि नसेल भीत तर त्यामागं काय आहे? दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रेटल फक्त आफ्रिकेत नाही. तो भारतात आहे, आपल्या महाराष्ट्रातही आहे. मग मुखेडसारख्या माळरानाच्या तालुक्यात एखाद्या रात्री तो कुणाच्या बॅटरीच्या उजेडात आला, तर त्या माणसानं काय करायचं?

आधी ओळख करून घेऊ

रेटल उंचीला किती? खांद्यापाशी मोजला तर एक वीत, फार तर थोडा जास्त. लांबी शेपूट सोडून दोन-अडीच फूट. नराचं वजन साधारण ९ ते १६ किलो, मादी त्याहून हलकी. आफ्रिकी सिंहाचा नर दीडशे किलोच्या वर जातो, हे शेजारी ठेवून बघा.

रंग एकदम ओळखू येणारा. डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीवर पांढरी-राखाडी झूल टाकल्यासारखी, आणि खाली तोंड, पोट, पाय सगळं काळं. कान जवळजवळ दिसतच नाहीत. शेपूट आखूड. पुढच्या पायांची नखं लांब आणि दणकट, अगदी कुदळीसारखी वापरायची.

हा ना अस्वलाच्या कुळातला, ना मांजराच्या. पाणमांजराचा तो भाऊबंद. शास्त्रीय नाव मेल्लिव्होरा कॅपेन्सिस, म्हणजे ‘केपकडचा मध खाणारा’. केप म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं टोक. नाव तिकडचं असलं तरी हा प्राणी आफ्रिकेतून अरबस्तान, इराण करत थेट भारत आणि नेपाळपर्यंत पसरलेला आहे. ‘रेटल’ हा शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेतला. तिथल्या लष्करानं आपल्या एका चिलखती गाडीला हेच नाव दिलं होतं. यावरून त्याचा दबदबा लक्षात येईल.

इंटरनेटवर तो गाजला २०११ मध्ये. रेटलच्या जुन्या चित्रीकरणावर एका माणसानं विनोदी आवाजात कॉमेंटरी केली आणि तो व्हिडिओ यूट्यूबवर तुफान पसरला. ‘ह्याला कशाचं काहीच पडलेलं नाही’ अशी रेटलची ओळख तिथून जगभर झाली. पण त्याच्या बऱ्याच आधीपासून काही माणसं शांतपणे त्याच्या मागं मागं फिरत होती. त्यांनी काय पाहिलं ते आधी बघू.

कलहारीत काय दिसलं

कॉलीन आणि कीथ बेग हे नवरा-बायको. १९९० च्या दशकाच्या शेवटी ते दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वाना यांच्या सीमेवरच्या कलहारी वाळवंटात राहिले. रेटलला रेडिओ कॉलर लावायची आणि गाडीतून, पायी, रात्री-अपरात्री त्याच्या मागं जायचं, असं काम त्यांनी कित्येक वर्षं केलं. रेटलबद्दल आज जी पक्की माहिती आहे, त्यातली बरीचशी या दोघांच्या कामातून आली.

त्यांनी पाहिलेला सगळ्यात गाजलेला प्रसंग क्लाइनमन नावाच्या एका नराचा. त्यानं पफ अ‍ॅडर हा जाडजूड विषारी साप धरला. झटापटीत साप त्याला चावला. रेटल खाताखाताच लोळला आणि निपचित पडला. मेलाच असं वाटलं. साधारण दोन तासांनी तो उठला, थोडा झिंगल्यासारखा हलला, आणि उरलेला साप खायला लागला!

रेटल खातो काय, तर जवळजवळ सगळं. उंदीर, घुशीसारखी बिळातली जनावरं, पाली, विंचू, साप, अंडी, किड्यांच्या अळ्या. कलहारीत त्याच्या खाण्यात पन्नासाहून जास्त जातींचे प्राणी सापडले. तो बिळं उकरत चालतो, म्हणून त्याच्या मागं एक शिकारी पक्षी आणि कोल्हे फिरताना दिसतात. रेटलनं उकरलं की दुसऱ्या तोंडातून पळणारा उंदीर त्यांना आयता मिळतो.

आता रीलमध्ये न दिसणारी बाजू. याच अभ्यासात असं दिसलं की मादीला बहुतेक वेळा एकच पिल्लू होतं. ते वर्ष-सव्वा वर्ष आईजवळ राहतं, बिळं कशी शोधायची, साप कसा धरायचा हे शिकतं. आणि जवळपास निम्मी पिल्लं स्वतंत्र होण्याआधीच मरतात. मोठे रेटलही मरतात. सिंह आणि बिबटे त्यांना मारतात. म्हणजे सिंहासमोर उभा राहणारा प्रत्येक रेटल जिंकत नाही. जो जिंकतो त्याचा व्हिडिओ आपल्यापर्यंत येतो.

दुसरं एक नाव तुम्ही ऐकलं असेल, स्टॉफल. दक्षिण आफ्रिकेत मोहोलोहोलो नावाचं जखमी वन्यप्राण्यांचं केंद्र आहे, तिथला हा रेटल. २०१४ च्या बीबीसीच्या माहितीपटामुळं तो जगभर पोचला. ह्याला कुठंही कोंडा, तो बाहेर. झाडावर चढून गेला, झाडं तोडली. दाताळं भिंतीला टेकवून वर चढला, ते काढून घेतलं. दगडांची रास लावली, दगड उचलून नेले. मग त्यानं चिखलाचे गोळे करून त्यांची रास लावली! फाटकाची कडी उघडायलाही तो शिकला. एकदा हा पठ्ठ्या सिंहांच्या कुंपणात शिरला. सिंहांनी त्याला जबर फाडलं. उपचार झाले म्हणून वाचला.

डोकं भारी आहे, हिंमत भारी आहे. पण त्याचं अंग लोखंडाचं नाही, हे विसरू नका. पुढं याचा संबंध येणार आहे.

भीत नाही, म्हणजे नेमकं काय?

आपण म्हणतो ‘शूर आहे’. शूर हा माणसांचा शब्द झाला. रेटलकडून बघितलं तर हिशेब साधा आहे.

समजा तुम्ही उघड्या माळावर आहात. पाय आखूड, त्यामुळं जोरात पळता येत नाही. चढायला जवळ झाड नाही. कळपही नाही, कारण रेटल एकटा फिरतो. समोर मोठं जनावर आलं. पळालात तर चार उड्यांत पकडले जाणार. मग उरलं काय? बीळ जवळ असेल तर त्यात घुसायचं, किंवा पटापट नवं उकरायचं. तेही जमत नसेल तर समोरच्याला इतका त्रास द्यायचा की त्याला वाटावं, जाऊ दे, एवढ्याशा घासासाठी कोण नाक फाडून घेईल!

या ‘त्रास देण्या’साठी त्याच्याकडं सामान भरपूर आहे.

कातडी. मानेभोवती ती सहा मिलिमीटरपर्यंत जाड असते, आणि अंगावर ढिली असते. मोठ्या मापाचा शर्ट घातल्यासारखी. सिंहानं मानेला धरलं तरी रेटल त्या कातडीच्या आतल्या आत वळतो आणि धरणाऱ्याच्याच तोंडाला चावतो.

वास. शेपटीखाली त्याच्या ग्रंथी असतात. धोका वाटला की त्यातून असा उग्र वास सोडतो की जवळ थांबवत नाही.

आवाज आणि रंग. पाठ पांढरी, पोट काळं, ही जोडी लांबूनच दिसते. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ही इशाऱ्याची पाटी आहे: ‘मी आहे, नादाला लागू नको’. एक गंमत सांगतो. चित्त्याची लहान पिल्लं पाहिलीत? २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून चित्ते कुनोत आले, पुढं तिथं पिल्लंही झाली, त्यांचे फोटो आले होते बघा. त्या पिल्लांच्या पाठीवर राखाडी केसांची झूल असते आणि खाली अंग गडद. लांबून ती रेटलसारखी दिसतात, आणि त्यामुळं शिकारी त्यांच्यापासून लांब राहत असावेत, असा एक अंदाज शास्त्रज्ञांनी मांडलाय. सिद्ध झालेली गोष्ट नाही ती, पण विचार करण्यासारखी आहे.

थोडक्यात, रेटल धावून येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला लढायची हौस नसते. त्याला वाट हवी असते. हे वाक्य डोक्यात ठेवा.

साप चावून मरत कसा नाही?

हा प्रश्न आपल्याकडं तर येणारच. मराठवाड्यात पेरणीपासून काढणीपर्यंत सापाची भीती कुणाला नाही?

नागाचं विष काय करतं? मेंदूकडून निघालेला ‘हल’ हा निरोप स्नायूपर्यंत पोचतो, तिथं स्नायूवर एक कुलूप असतं. निरोपाची किल्ली त्या कुलपात बसली की स्नायू हलतो. नागाचं विष त्या कुलपात जाऊन अडकून बसतं. किल्ली बसत नाही, स्नायू हलत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात आणि माणूस जातो.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी रेटलचं हे कुलूप जनुकांच्या पातळीवर तपासलं. त्यात एक छोटा बदल सापडला. त्या बदलामुळं नागाचं विष तिथं नीट चिकटतच नाही. मजा म्हणजे तसाच बदल काटेरी साळुंदरासारख्या दिसणाऱ्या हेजहॉगमध्ये आणि डुकरातही सापडला, आणि तिघांत तो वेगवेगळा, स्वतंत्रपणे आलेला आहे. आपल्या मुंगसाकडं उपाय आहे, पण तो जरा निराळ्या प्रकारचा.

आता नीट ऐका. हा बदल नागाच्या जातीच्या विषासाठी आहे. आपल्याकडचे नाग आणि मण्यार मज्जासंस्थेवर मारा करतात. घोणस आणि फुरसं रक्तावर आणि मांसावर. क्लाइनमनला चावलेला पफ अ‍ॅडर हा घोणशीच्या कुळातला. तिथं हे कुलूप कामाचं नाही. म्हणून तर तो दोन तास आडवा पडला.

आणि आपल्या शरीरात हा बदल नाही. साप चावला तर १०८ ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना, जिथं सर्पविषावरची लस आहे तिथं. मांत्रिक नाही, पाला नाही, चिरा देणं नाही. ‘बिनविषारी असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबणं तर अजिबात नाही. मण्यार चावल्यावर तर बऱ्याचदा दुखतही नाही.

नावात मध, पण ओढ अळ्यांची

रेटल मोहळ फोडतो हे खरं. पण त्याला मधापेक्षा पोळ्यातल्या अळ्या जास्त हव्या असतात. त्यात प्रथिनं आणि चरबी. आपल्याकडचं आग्यामोहळ उंच झाडाला, कड्याला लटकतं. सातेरी मधमाशा मात्र झाडाच्या ढोलीत, दगडाच्या कपारीत राहतात. खणणाऱ्या जनावराला दुसरं प्रकरण सोपं पडणार हे उघड आहे.

आफ्रिकेत एक पक्षी आहे, हनीगाइड, म्हणजे मधाची वाट दाखवणारा. तो ओरडत ओरडत माणसाला मोहळापर्यंत नेतो. माणूस मध काढतो, पक्षी मेण आणि अळ्या खातो. माणसाबरोबरचं हे सहकार्य मोझांबिकमध्ये पक्कं सिद्ध झालंय. रेटललाही तो असाच नेतो, ही गोष्ट दोनशेहून जास्त वर्षं सांगितली जाते. २०२३ मध्ये एक अभ्यास आला. त्यात संशोधकांनी ९ आफ्रिकी देशांतल्या जवळपास ४०० मध गोळा करणाऱ्यांना विचारलं. बहुतेकांनी हे खरं नसावं असं सांगितलं. पण टांझानियातल्या तीन समाजांतल्या अनेकांनी ‘आम्ही डोळ्यानं पाहिलंय’ असं सांगितलं. म्हणजे काही भागांत हे होत असेल, सगळीकडं नाही.

मधाच्या पेट्यांवरून मात्र खरं भांडण झालं. दक्षिण आफ्रिकेत मधपाळ रेटलला सापळे लावून, विष घालून मारायचे, कारण एक रेटल रात्रीत पेट्यांची वाट लावतो. मग उपाय काय निघाला? पेट्या जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच स्टँडवर ठेवायच्या, नाहीतर पट्टीनं घट्ट बांधायच्या. बस. असं करणाऱ्यांच्या मधाच्या बाटलीवर ‘रेटलला न मारता काढलेला मध’ अशा अर्थाचं स्टिकर लागायला लागलं. आपल्याकडंही पेट्या ठेवून मधपालन करणारी पोरं वाढतायत, त्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता अफवेची गोष्ट

२००७ साली इराकमधल्या बसरा शहरात अफवा पसरली की ब्रिटिश सैन्यानं माणसं खाणारी भयानक जनावरं सोडलीत. लोक रात्री घाबरून बसायचे. जनावरं मारली गेली, मोबाईलवर त्यांचे फोटो फिरले. शेवटी ब्रिटिश सैन्याच्या प्रवक्त्याला जाहीरपणे सांगावं लागलं की आम्ही असलं काही सोडलेलं नाही. ते जनावर म्हणजे रेटल होतं! तिथल्या पशुवैद्यांनी सांगितलं की हा प्राणी या भागात पूर्वीपासून आहे, फक्त लोकांना दिसत नव्हता.

हसू येतं ना? पण आपल्याकडं काय वेगळं आहे?

‘मसण्याऊद’ हा शब्द घरात ऐकला असेल. मसणात फिरणारा, मढी उकरणारा. हे नाव आपल्याकडं रात्री दिसलेल्या कुठल्याही अनोळखी जनावराला चिकटतं. बहुतेक वेळा ते बिचारं उदमांजर असतं. हिंदीत ‘बिज्जू’ आणि ‘कब्र बिज्जू’ म्हणतात, तिथंही हाच गोंधळ. एकोणिसाव्या शतकात जेर्डन नावाच्या इंग्रज निसर्ग अभ्यासकानं भारतातल्या सस्तन प्राण्यांवर पुस्तक लिहिलं. त्यातही त्यानं नोंदवलंय की उत्तर भारतात लोक रेटलवर मढी उकरण्याचा आरोप करतात.

ह्यात खरं किती? रेटल खणतो, आणि मेलेलं मांसही त्याला वर्ज्य नाही. नुकतीच भरलेली माती भुसभुशीत असते. उथळ खड्डा असेल तर कुत्री, कोल्हे, रेटल, कुणीही उकरू शकतं. आपल्या भागात मुस्लिम समाजाचं कब्रस्तान आहे, लिंगायत समाजात दफन करतात, इतरांतही लहान लेकराला पुरतात. त्यामुळं असं काही झालं की माणसाच्या काळजाला लागतं, आणि ते साहजिक आहे. पण त्याचा उपाय खोल खड्डा, वर दगड आणि दफनभूमीला कुंपण हा आहे. रेटलचं रोजचं पोट उंदीर, घुशी, किडे यांवर चालतं. मढ्यांवर जगणारं जनावर नाही ते. जिवंत लेकरं पळवणारं तर नाहीच नाही.

आपल्या भागात कुठं?

महाराष्ट्रात मेळघाटच्या प्राण्यांच्या यादीत रेटल आहे. शेजारच्या कर्नाटकात कावेरी वन्यजीव अभयारण्यात लावलेल्या कॅमेऱ्यांत त्याचे फोटो मिळाले आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याआधी त्या राज्यात त्याचा फोटोच्या रूपात पुरावा नव्हता. एवढं मोठं राज्य, एवढा ओळखू येणारा प्राणी, आणि पुरावा यायला एवढा वेळ! याचं कारण, तो रात्री फिरतो, एकटा फिरतो, आणि थोडे थोडे मिळून खूप मोठ्या भागात पसरलेले असतात. कलहारीत एका नराचा फिरायचा पट्टा पाचशे चौरस किलोमीटरच्या आसपास निघाला. तिथं खायला कमी म्हणून पट्टा मोठा, पण अंदाज यावा म्हणून सांगतो.

दुसरं कारण आपलं आहे. कॅमेरे लागतात ते बहुतेक व्याघ्र प्रकल्पात, वाघ मोजायला. त्यात रेटल सापडला तर सापडला. पण रेटलला दाट जंगलच लागतं असं नाही. कोरडा प्रदेश, खडकाळ उतार, ओढ्याचे उंच काठ, खुरटी झुडपं हे त्याला चालतं. मुखेड, कंधार, लोहा, तिकडं जळकोट, उदगीर हा बालाघाटच्या रांगांचा पट्टा डोळ्यासमोर आणा. मुरमाड माळ, लवणं, दगडांचे बांध. अशा ठिकाणी वाघ मोजायला कुणी येत नाही. तिथल्या रात्रीच्या जनावरांना बघणारा एकमेव माणूस म्हणजे रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेला शेतकरी. म्हणजे तुमचे बाबा, काका, नाहीतर तुम्ही स्वतः.

बॅटरीच्या उजेडात आला तर

आधी ओळखा. लांब शेपूट, सडपातळ अंग, झाडावर सरसर चढलं, तर ते उदमांजर. अंगावर काटे असतील तर साळिंदर. पाठ पांढरट, खालून सगळं काळं, आखूड पाय, आखूड शेपूट, कान दिसत नाहीत, नाक खाली घालून झपझप दुडक्या चालीनं चाललंय, तर तो रेटल असू शकतो.

मग थांबा. आठवतंय ना, त्याला वाट हवी असते? ती द्या. बाजूला व्हा, कुत्रा बरोबर असेल तर धरून ठेवा. बॅटरी त्याच्या डोळ्यांवरून काढा. बिळात गेला तर बिळात काठी घालू नका, धूर करू नका. कोपऱ्यात अडकलेला रेटल चावणार, आणि जोरात चावणार. कुठलंही रानटी जनावर चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा.

व्हिडिओ काढायचा असेल तर लांबून, आहे तिथून काढा. त्यासाठी त्याला अडवू नका, पोरं गोळा करू नका. ग्रुपवर टाकताना गावाचं, शिवाराचं नाव टाकू नका. ‘नरभक्षक’, ‘मढी खाणारा’ असलं काही लिहू नका. एका मेसेजवर वीस जण काठ्या घेऊन येतात, आणि वीस काठ्यांपुढं ती सहा मिलिमीटरची कातडी काही कामाची नाही. सिंहासमोर पाय रोवून उभं राहायची सवय इथं त्याच्याच जिवावर उठते. कोल्हा माणूस बघून पळतो म्हणून वाचतो. रेटल उभा राहतो, आणि लोक म्हणतात, बघा, अंगावर येतंय!

विहिरीत पडलेला दिसला, किंवा जखमी सापडला, तर वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री नंबर आहे. तो लावा. विहीर असेल तर ते येईपर्यंत एखादी फळी किंवा लाकूड दोरीनं खाली सोडा, त्याला टेकायला होईल. स्वतः आत उतरू नका.

कायदाही सांगून ठेवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रेटल पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वर किमान २५ हजार रुपये दंड आहे. शिकार म्हणजे फक्त जीव घेणं नव्हे. सापळा लावणं, हाकत नेणं, विष घालणं, आणि यातल्या कशाचा प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं. मारून फोटो काढला तर तो फोटोच तुमच्या विरोधातला पुरावा.

आणि ज्याला तुम्ही घाबरताय तो तुमच्या धुऱ्यावर काय करतोय? तुरीची-हरभऱ्याची नासधूस करणारे उंदीर आणि घुशी उकरून खातोय. तुम्ही त्यासाठी विकतच्या गोळ्या आणता.

शेवटची एक विनंती. रानडुकरांसाठी कुणी रात्री तारेत करंट सोडत असेल, तर घरात बोलून ते बंद करा. त्या तारेला रानडुक्कर, रेटल, शेजारचा बैल, रात्री पाण्याला निघालेला माणूस, यातला फरक कळत नाही.

तर मंडळी, आज एवढंच. हा भाग तुमच्या घरात रात्री पाण्याला जाणारं जे कुणी आहे, त्यांना नक्की ऐकवा. आणि तुमच्या गावात रात्रीच्या जनावरांना काय काय नावं आहेत, मसण्याऊद म्हणून नेमकं कुणाला ओळखतात, ते आजी-आजोबांना विचारून आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या नावांवरच बोलू. काळजी घ्या, बॅटरी चार्ज करून ठेवा. भेटू!